गाठीची जागा

उंदराच्या हृदयावर गाठ मारावी ती अरायाताईनंच, हे त्या प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडायचं. बोराएवढं ते हृदय. बरगड्यांमधल्या फटीतून ते जरासं वर येतं, आणि ते धडधडत असतानाच त्याच्या डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे कानासारख्या त्या पाळीच्या खालून, रेशमाचा बारीक दोरा ओवायचा असतो. जी रक्तवाहिनी बांधायची ती दिसत नाही; ती कुठे असणार हे ठाऊक असावं लागतं. गाठ फार वर बसली तर उंदीर टेबलावरच जातो. फार खाली बसली तर त्याला काहीच होत नाही आणि सगळा दिवस फुकट जातो. अरायानं गाठ आवळली की हृदयाचा खालचा भाग हळूहळू फिका पडत जाई, आणि दर वेळी तेवढाच, आखून दिल्यासारखा. बँकॉकची माणसं तो हात बघायला चियांग माईला येत.

"सरावाचं काम आहे," ती म्हणायची. या हातापलीकडे आपल्याकडे स्वतःचं असं काय आहे, हा प्रश्न पिम येईपर्यंत तिला पडलाच नव्हता.

पिम ओसाकाहून शिकून आली, तिशीही न उलटलेली. ती चपला फटफट वाजवत चालायची, मोठ्यानं हसायची आणि कुणाच्याही ताटातला आंबा उचलून खायची. पहिल्या महिन्यात अरायाला ती आवडलीसुद्धा होती. मग एका शुक्रवारी बैठकीत पिम उभी राहिली.

"हार्ट अटॅकमध्ये रक्त थांबतं," ती म्हणाली, "पण पेशी काही लगेच मरत नाही. मरायचं की नाही हे ती ठरवते. तिच्यात एक जनुक आहे, ते जागं झालं की पेशी स्वतःलाच संपवते. म्हणून त्याच्या दाराशी राखणदार बसवलेला असतो. हा राखणदार म्हणजे एक चिमुकला आरएनए. तो दार उघडू देत नाही."

"हे सगळ्यांना माहीत आहे," अराया म्हणाली.

"हो ताई. पण आता पुढं ऐका ना. रक्त थांबलं की एक लांबलचक आरएनए तयार व्हायला लागतो. त्याच्यापासून प्रोटीन बनत नाही, त्याला काही कामधंदा नाही. तो येतो, राखणदाराशेजारी बूड टेकतो आणि विचारतो, 'काय रे, जेवलास का?'"

सगळे हसले. त्या गावात भेटल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

"राखणदार गप्पांत अडकला. चिकटलाच त्याला. इकडे दार उघडं, आणि घराला आग. मग उंदीर असो की माणूस, त्याच्या हृदयाचा तेवढा तुकडा मेला. आता आपण या गप्पिष्टालाच गप्प केलं तर?"

सुवन्नीबाई हसून हसून चष्मा पुसायला लागल्या. प्रयोगशाळेची ही खोली त्यांनीच उभी केली होती; त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. "गप्पिष्ट! हेच नाव ठेवा त्याचं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या आरएनएचं नाव गप्पिष्टच पडलं.

अराया पडद्याकडे बघत होती. पिमनं दाखवलेली ती गप्पिष्टाची रेघ, रक्त थांबल्यावर ठळक होणारी, तिनं कित्येक वर्षांपूर्वी पाहिली होती. तिनंच बांधलेल्या हृदयात, आरएनए वेगळे करून दाखवणाऱ्या तिच्याच जेलवर. ती घेऊन ती बाईंच्या खोलीत गेली होती. बाई म्हणाल्या होत्या, "प्रोटीन बनत नाही ना? मग कचरा आहे." आणि तीही म्हणाली होती, "हो, कचराच असेल." पडद्यावर आज तोच कचरा झळकत होता आणि बाई चष्मा पुसत होत्या. बाईंना आठवतसुद्धा नव्हतं.

त्या मुलखात हेवा करणाऱ्याचे डोळे तापतात असं म्हणतात. अरायाच्या बाबतीत ते पोटापासूनच सुरू झालं. दुपारी कॅन्टीनमध्ये पिम तिच्यासमोर खाओ सोईचा, नारळाच्या रश्शातल्या नूडल्सचा, वाडगा घेऊन बसली आणि वरची कुरकुरीत शेव आधी वेचून खाऊ लागली, तेव्हा अरायाला वाटलं, हिला शेवसुद्धा आधी मिळते. नंतर पिमचा हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला तरी तिचा जबडा आवळला जायचा. बाईंनी पिमला परिषदेला पाठवलं. बाईंनी पिमला आपल्या गाडीतून घरी सोडलं. बाईंनी पिमला अर्ध्या वाक्यात थांबवलं नाही. एवढं सगळं अराया टिपून ठेवू लागली, आणि आपण ते टिपून ठेवतो आहोत याची तिला लाज वाटे. मग त्या लाजेचाही राग पिमवरच निघे.

बाई पावसाळ्याअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागं खोली अरायाकडे जाणार हे इतकी वर्षं सगळे धरूनच चालले होते. आता बाई म्हणाल्या, "गप्पिष्टाला गप्प करणारं औषध खरंच हृदय वाचवतं का ते बघू. वाचवत असेल तर ही खोली त्याच कामावर चालेल आणि पिम चालवेल. नसेल, तर चाललंय तसं अराया चालवेल. उंदरांनाच ठरवू दे."

"आणि गाठी कोण मारणार?" पिमनं विचारलं.

"गाठी?" बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती ओशाळली. "अराया आहे ना."

* * *

धुराचे दिवस होते. भोवतालच्या डोंगरांवर पालापाचोळा पेटवलेला, शहरावर पिवळट झाकण. सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अरायाला ते बरंच वाटत होतं. कुणाचा चेहरा कुणाला वाचता येत नव्हता.

कुपीत औषध कोणतं आणि नुसतं मीठपाणी कोणतं हे फक्त बाईंना माहीत होतं. उंदीरघर सांभाळणारे खामकाका आदल्या दिवशी एक आणि सकाळी एक सुई शेपटीत टोचायचे आणि पिंजरा अरायाच्या टेबलाशी आणून ठेवायचे. कुणाला काय दिलंय ते त्यांना माहीत नाही, अरायाला नाही, पिमला नाही. हात आंधळा ठेवायचा, म्हणजे तो कुणाची बाजू घेत नाही.

"आज जरा झोपाळू आहे बघ हा," काका म्हणायचे. "रात्रभर चाकावर पळत होता लेकाचा. तुझ्या हातून सुटका होईल म्हणून खूष असेल."

"काका, कामाच्या आधी असलं बोलू नका."

मग दोघं उंदराला हात जोडायचे. झालं-गेलं माफ कर, एवढंच मनात म्हणायचं. त्या खोलीत हात जोडल्याशिवाय कुणी सुरी उचलत नसे.

पहिल्या उंदरात काही जाणवलं नाही. दुसऱ्याच्या छातीवर चीर दिली आणि कापसाचा बोळा टेकवला, तर तो लगेच भिजला. दुसरा टेकवला, तोही भिजला. रक्त वाहत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. थांबायला आळस करत होतं. पुढच्यात ते जागच्या जागी थांबलं. त्याच्या पुढच्यात पुन्हा पाझरलं.

तिनं इतक्या छात्या उघडल्या होत्या की बोळ्याचं वजन तिच्या बोटांना कळायचं. या जातीची औषधं रक्त गोठायला थोडा उशीर लावतात हे तिनं वाचलेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिच्या आलं. तिसऱ्या दिवसापासून बोळा उचलला की तिला माहीत असायचं, हा पिमचा उंदीर आहे किंवा हा पिमचा नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. बाईंकडे जाऊन म्हणायला हवं होतं, मला ओळखू येतंय, प्रयोगाचा आंधळेपणा गेला. ती स्वतःला म्हणाली, एवढ्या पुढं आल्यावर थांबवलं तर सगळ्यांची मेहनत वाया जाईल. आणि कळलं म्हणून काय बिघडलं? हात तोच, दोरा तोच. माझा हात माझ्या मनाचं ऐकत नाही, तो हृदयाचं ऐकतो. पिमच्या उंदरांच्या वेळी ती उलट जास्तच काळजी घेऊ लागली. गाठ ढिली राहायला नको. हिच्या औषधाला सूट दिली असं उद्या कुणी म्हणायला नको. सुई अगदी पाळीच्या कडेशी, नीट, घट्ट.

गाठ आवळून ठरलेला वेळ गेला की ती सोडायची, रक्त परत वाहू द्यायचं. मग शेवटी दोरा त्याच जागी पुन्हा आवळून निळा रंग सोडायचा. रक्त पोचतं तिथं निळा पोचतो. गाठीखालचा भाग निळ्याविना उरतो, तो धोक्यातला भाग; गाठ जितकी वर, तितका तो मोठा. मग हृदय गोठवून मुळ्यासारख्या चकत्या करायच्या आणि कोमट द्रावणात टाकायच्या. जगलेला स्नायू विटेसारखा लाल होतो. मेलेला पांढराच राहतो. निळा, लाल, पांढरा, त्यांच्या देशाच्या झेंड्याचेच रंग. झेंडा फडकला, असं खोलीतली मुलं म्हणायची.

चकत्या बघायचं काम पिमचं. शेवटच्या दिवशी अराया तिच्याशेजारी उभी होती. वाटीत चकत्या लाल होत होत्या.

"ताई, बघा ना जरा." पिमचा आवाज नेहमीसारखा उडता नव्हता. "या काहींत निळा इतका कमी का? धोक्यातला भाग केवढा मोठा आलाय. दुसऱ्यांत नाही तसा."

अरायानं वाकून पाहिलं. कुठल्या चकत्या कुणाच्या ते पिमला माहीत नव्हतं. तिला होतं. तिच्या बोटांना प्रत्येक बोळा आठवत होता. निळ्याची कड त्या चकत्यांमध्ये वर सरकली होती. फार नाही. पण नेमकी त्याच उंदरांत, एकूण एक.

त्याच चकत्यांत आणखी एक गोष्ट होती. धोक्यातला भाग एवढा मोठा, तरी पांढरा इतरांइतकाच. मध्ये लाल पट्टा रुंद. म्हणजे मरायला हवा होता त्यातला बराचसा भाग मेला नव्हता. गप्पिष्ट गप्प बसला होता.

"उंदीर उंदीर असतो," अराया म्हणाली. "सगळे सारखे थोडेच?"

* * *

कोणत्या कुपीत काय होतं ते बाईंनी उघड केलं तेव्हा खोलीत तिघीच होत्या. बाईंनी आकडे एकदा पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मेलेला भाग दोन्हीकडे सारखा," त्या म्हणाल्या. "आणि औषध दिलेल्यांत धोक्यातला भागच मोठा. याचा अर्थ काय, पिम?"

"गाठ..." पिमनं सुरुवात केली.

"गाठ नाही. इतक्या वर्षांत अरायाची गाठ हललेली मी पाहिली नाही. तेव्हा हललंय ते दुसरंच काहीतरी. तुझं औषध रक्तवाहिन्यांचं काहीतरी बिघडवतंय. एका हातानं वाचवतं, दुसऱ्या हातानं मारतं. असलं औषध माणसापर्यंत कसं न्यायचं?"

पिम मान खाली घालून बसली. अरायाला वाटलं होतं तिला आता थंड वाटेल. वाटलंही. घरी जाताना स्कूटर चालवत असताना, लाल दिव्याशी थांबली असताना तिला चक्क भूक लागली. बाईंच्या खोलीतल्या टेबलाची जागा बदलावी, खिडकीकडे तोंड करून बसावं, असं ती ठरवूसुद्धा लागली. बाईंचा तो विश्वास मात्र राहून राहून टोचत होता. अरायाची गाठ हलत नाही. ज्या हाताचा तिला गर्व होता, त्याच हाताच्या साक्षीवर औषध दोषी ठरलं होतं. आणि तिनं तर हाताला काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून केलं होतं. म्हणजे हात तिचं ऐकत होता, इतकी वर्षं, आणि ती मनात काय बोलते हे तिलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिम तिच्या टेबलाशी आली. केळीच्या पानात सोसेज, पिशवीत चिकट भात, हिरव्या मिरचीचं वाटण.

"वारोरोतच्या बाजारातून आणलं, तुम्हाला आवडतं त्या मावशींकडचं. खा ना ताई. तुमचे एवढे दिवस फुकट घालवले मी."

"काही फुकट नाही."

"आहेच." पिमनं भाताचा गोळा केला, तिखटात बुडवला, पण खाल्ला नाही. "एक सांगू? हसायचं नाही."

"सांग."

"मी बाजारातून कोंबडीची हृदयं आणते. वर्ष झालं असेल. घरी बसून गाठी मारते. शेजारीण म्हणते, 'अगं, रोज कोंबडी खातेस, लग्न ठरलंय का तुझं?' आणि एवढं करून एकही गाठ तुमच्यासारखी बसत नाही. कधी वर, कधी खाली. मग चिडून सगळी शिजवून टाकते."

"कशासाठी करतेस हे?"

"हेवा वाटतो म्हणून, दुसरं काय!" पिम हसली, डोळे अजून सुजलेलेच होते. "मी काय, वाचलं आणि बोलले. ते कुणीही करेल. तुमचा हात सगळे बघायला येतात. तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्हाला कुणाचा हेवा वाटणार, ताई?"

अरायानं सोसेजचा तुकडा परत पानावर ठेवला. किती सहज बोलून टाकते ही, अरायाला वाटलं. आपल्या पोटात दोन वर्षं जळतंय ते हिनं भाताच्या गोळ्याबरोबर बोलून टाकलं, आणि मोकळी झाली. हेवा करण्यातसुद्धा ही आपल्या पुढं.

* * *

"बस म्हणायची वाट बघतेस का?" बाई म्हणाल्या.

अराया उभीच राहिली. "बाई, मला ओळखू येत होतं."

"काय?"

"औषध कुणाला दिलंय ते. चीर दिली की त्यांचं रक्त थांबायला वेळ लावायचं. तिसऱ्या दिवसापासून मला सगळे ओळखू येत होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिसऱ्या दिवसापासून. आणि आज सांगतेस?"

"आणि गाठ हललेली आहे. त्यांच्यात. वर गेली आहे. औषधानं नाही." तिनं श्वास घेतला. "मी मुद्दाम केलं नाही. पण केलं मीच."

बाहेर कुणीतरी पिंजऱ्यांची गाडी ढकलत नेली. तिचं एक चाक करकरत होतं. बाईंनी उठून दार लावून घेतलं.

"मला काहीही न कळणारा हात हवा होता," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यात शिकलेला हात निवडला. ती चूक माझी. गप्प बसलीस ती तुझी."

"हो, बाई."

"का गप्प बसलीस हे विचारत नाही. इतकी म्हातारी झाले आहे मी."

अरायाला वाटलं आता निघावं. पण इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं होतं. "ती रेघ, बाई. गप्पिष्टाची. पिमच्या आधी मी ती तुम्हाला दाखवली होती. तुम्हाला आठवत नाही."

"आठवतं की." बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "कचरा मी म्हटलं. हो तू म्हणालीस. पिम नाही म्हणाली. दोघींनी मिळून फेकलेलं तिनं उचललं. आता त्यात आपली नावं घुसडायची का? तुला तसं वाटत असेल तर शुक्रवारी उभी राहा आणि बोल. मी हो म्हणेन."

शुक्रवारी काय बोलायचं ते अरायानं मनात जुळवून पाहिलं. 'हे मी आधी पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.' ते वाक्य कसंही फिरवलं तरी वेगळं होईना.

"सगळं पुन्हा करायला लागेल," ती म्हणाली. "माझ्या हातानं नाही. मी तिला गाठ शिकवते."

"शिकवशील?" बाई म्हणाल्या. "म्हणजे, खरंच शिकवशील? नुसतं समोर उभं राहणं म्हणजे शिकवणं नाही."

"खरंच शिकवीन."

"बघ. मनाला थोडं थंड कर आधी."

पिमला सांगितलं ते एवढंच, की अरायाताईला रक्तावरून औषध ओळखू येतं, म्हणून गाठी दुसऱ्यानं मारायच्या. पिम ओरडलीच. "बोळ्यावरून? कमाल आहे ताई! तुम्ही माणूस आहात की कोण?" ते कौतुक अरायाला फटक्यासारखं लागलं.

तिनं शिकवलं. पहिल्या उंदराच्या वेळी पिमची सुई खोल गेली आणि हृदय रक्तात बुडालं. पिम रडली. अराया म्हणाली, "होतं असं," आणि तिला आत कुठेतरी गोड वाटलं. तो गोडवा तिनं ओळखला आणि तो गिळून टाकण्याऐवजी समोर ठेवून बघत राहिली. दुसरा उंदीर गेला तेव्हा गोडवा पुन्हा आला. तेव्हा ती पिमच्या मागे जाऊन उभी राहिली, तिच्या मनगटाखाली आपलं बोट ठेवलं.

"हृदयाकडे बघू नकोस. ते घाबरवतं. पाळीच्या कडेकडे बघ. धडधड वर येते ना, तेव्हा काही करायचं नाही. खाली जाते तेव्हा सुई घाल."

"तेवढ्यात?"

"तेवढं पुष्कळ असतं. कोंबडीचं हृदय धडधडत नाही. म्हणून तुला जमत नव्हतं."

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बँकॉकच्या माणसांनासुद्धा नाही. त्यांना ती सराव म्हणायची.

ती सकाळ गेली. नंतरच्या काही सकाळी पिमच्या गाठी कधी वर, कधी खाली पडल्या. मग एके दिवशी हृदयाचा खालचा भाग फिका पडत गेला, हळूहळू, अगदी जिथवर पडायला हवा तिथवर, आणि पिमनं श्वास रोखून वर पाहिलं. अरायाच्या पोटात ती जुनी कळ उठली, आधीपेक्षाही तीव्र. आता रेघही गेली होती आणि हातही.

"बरोबर आहे?" पिमनं विचारलं.

"बरोबर आहे," अराया म्हणाली. तेवढं म्हणायला तिला वेळ लागला.

खरा प्रयोग पुन्हा झाला तेव्हा ती त्या खोलीत पाऊल टाकत नसे. निकाल तिला बाईंच्या दारातून ऐकू आला. पिमचं ते मोठ्यानं हसणं, आणि मध्येच रडणं. धोक्यातला भाग दोन्हीकडे सारखा. पांढरा, औषध दिलेल्यांत, निम्म्याहून कमी.

* * *

धूर ओसरला, डोंगर पुन्हा दिसायला लागला, आणि उंदरांच्या नावानं पुण्य करायचा वार्षिक दिवस आला. उंदीरघरासमोर मांडव घातला होता. विहारातून भिक्षू आले होते. खामकाकांनी मेलेल्या उंदरांसाठी पानावर भात, केळं आणि भोपळ्याच्या बिया मांडल्या होत्या. "बिया कशाला काका, त्या कोण खाणार?" मुलं दरवर्षी विचारायची, आणि काका दरवर्षी म्हणायचे, "ज्यांना मारलं त्यांना विचार, आवडीचं काय ते."

भिक्षूंचं मंत्र म्हणणं सुरू झालं की पितळेच्या लहान भांड्यातून वाटीत पाणी सोडायचं. केलेलं पुण्य त्या धारेबरोबर मेलेल्यांना पोचतं. त्या खोलीतली रीत अशी होती, की ज्याच्या हातानं गाठी मारल्या त्यानंच पाणी सोडायचं. इतकी वर्षं ते भांडं अरायाच्या हातात असायचं. बाकीचे मागं बसायचे, पुढच्याच्या खांद्याला बोट लावून, त्यांच्यामागचे त्यांच्या खांद्याला. म्हणजे वाटा सगळ्यांचा.

या वर्षी काकांनी भांडं उचललं आणि सवयीनं अरायाकडे वळले. तिनं मान हलवून पिमकडे दाखवलं.

पिम पुढं बसली. तिच्या मागची जागा रिकामी होती. मुलांनी ती अरायासाठी सोडली होती. ती तिथं बसली. समोर पिमची पाठ, पांढरा सदरा, मानेवर घामानं चिकटलेले केस. हात उचलावा, खांद्याला टेकवावा, एवढंच करायचं होतं. तिचा हात मांडीवरच राहिला. तिला ते उंदीर आठवत होते, पहिल्या फेरीतले, ज्यांचं रक्त पाझरलं होतं. माफ कर म्हणून हात जोडून तिनं त्यांना जास्तीचं मारलं होतं. त्यांना काही पोचवायचं असेल तर आज वाट एकच होती, आणि ती या खांद्यावरून जात होती.

ती पुढं वाकली. "पिम. त्या पहिल्या उंदरांत गाठ वर गेली होती. औषधाचं काही नव्हतं. माझ्यामुळं."

पिमनं मागं पाहिलं नाही. भांडं दोन्ही हातांत धरलं होतं. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"शिकवत होतात तेव्हापासून. माझ्यासमोर तुमची गाठ एकदाही हलली नाही, ताई. मग तेव्हाच कशी हलली?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार होते? राग येत होता. रोज यायचा. पण मनगटाखालचं बोट तुम्ही काढून घेतलं असतं तर?" तिनं भांडं वाटीवर धरलं. "अजून येतो. हात ठेवा आता. सुरू झालं बघा."

भिक्षूंचा आवाज वर चढला. पाण्याची बारीक धार सुटली. ती किंचित थरथरत होती. पिमला अजून भांड्याची सवय नव्हती. जास्त उंचावरून धरते आहे, अरायाच्या मनात आलं, मनगट खाली हवं. तिच्या पोटात ती कळ अजून होतीच, ओळखीची, जागच्या जागी. तिनं हात उचलून पिमच्या खांद्यावर ठेवला, आणि मागून कुणीतरी तिच्या.

"मनगट खाली," ती पुटपुटली.

धार सरळ झाली.